मेरेआनाच्या पेटीपुढची रांग

पाओराने बस डावीकडच्या फाट्याला वळवली, तेव्हा सहलीची गाइड लिनेट माइकवरून किवी पक्ष्याच्या चोचीची लांबी सांगत होती. तिने वाक्य पुरं केलं, माइक बंद केला आणि ड्रायव्हरच्या सीटशी वाकली.

"डॉल्फिनची बोट साडेबाराला सुटते, पाओरा."

"पेटीचं झाकण अकराला लागणार आहे," तो म्हणाला. "वीस मिनिटं द्या. मंडळींना बसमध्येच बसू द्या."

"कुणाच्या पेटीचं?"

"मावशीच्या. तिनेच वाढवलंय मला."

मावशी मेरेआना वारली होती, तीन दिवस सभाघराच्या ओट्यावर उघड्या शवपेटीत होती. तीन दिवस हा माणूस अवाक्षराने बोलला नव्हता. लिनेटने सांत्वनात वेळ घालवला नाही. तिने माइक पुन्हा सुरू केला.

"मंडळी, नशीब काढलंत तुम्ही! माहितीपत्रकात नसलेला कार्यक्रम. अस्सल माओरी अंत्यविधी. वेगळं तिकीट नाही!"

अडतीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

मराएच्या, म्हणजे माओरींच्या सभाघराच्या आवाराच्या, फाटकावर सगळे उतरले. आतल्या बाईने हाक द्यायची, बाहेरच्या बाईने हाकेनेच उत्तर द्यायचं, मग पाऊल टाकायचं, हा तिथला नियम. म्हणून लोक फाटकाशी थांबतात, गट जमला की एकत्र आत जातात. पण सकाळचे सगळे गट केव्हाच आत गेले होते. फाटकावर हाक देणारी बाई उरली नव्हती. बायका होत्या, एकवीस, रंगीत टोप्या घातलेल्या.

"मला येतं," लिनेट म्हणाली. "सहा आठवड्यांचा वर्ग केलाय मी. प्रमाणपत्र आहे."

"नको."

"मग मुक्यासारखा एकटाच जाणार?"

एवढ्यात मावशीची मुलगी हुइया फाटकापर्यंत आली. अंगावर काळे कपडे, डोक्याला हिरव्या पानांचं वेटोळं. तिने आधी बस पाहिली, मग टोप्या आणि शेवटी त्याला.

"हे वऱ्हाड कुणाचं रे?"

"माझे प्रवासी आहेत."

"दोन वर्षं रोज या फाट्यावरून जातोस. आई ओट्यावर बसून तुझी बस बघायची. म्हणायची, आज गर्दी असेल त्याला, उद्या वळेल."

"सुट्टी मिळत नाही, हुइया."

"मग आज मिळाली?"

पाओराने बसची किल्ली खिशात टाकली.

"नाहीच मिळाली. म्हणून दुकान पाठीवर घेऊन आलास." ती परत वळली. "ये आता. पाद्री घड्याळाचा पक्का आहे. आत आलास की सरळ आईजवळ येऊन बस, घरच्यासारखा. या लोकांबरोबर रांगेत उभा राहू नकोस."

आतून हाक आली. लिनेटने उत्तर दिलं. तिचा आवाज चांगला होता, हेच वाईट झालं. टोप्यांतल्या बायका कौतुकाने एकमेकींकडे बघू लागल्या. ओट्यावरच्या म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही. हाकेला हाक द्यायची असते, त्यांनी दिली.

पाओरा सगळ्यांच्या मागे राहिला. अंगावर कंपनीचा पोपटी शर्ट होता, पाठीवर उड्या मारणारा डॉल्फिन.

घरचा म्हातारा भाषणाला उभा राहिला. "समुद्रापलीकडून माणसं आली," तो म्हणाला, "मेरेआनाचा मान वाढला." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भाषणाला उत्तर म्हणून पाहुण्यांनी गायचं असतं. लिनेटने बोट वर केलं आणि पाहुण्यांनी बसमध्ये पाठ केलेलं एक प्रेमगीत म्हटलं, हातवाऱ्यांसकट. संपल्यावर स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. घरच्यांनी माना खाली घालून ऐकून घेतलं.

मग रांग लागली. घरच्या प्रत्येकाच्या नाकाला नाक लावायचं आणि शेवटी पेटीपुढून जायचं. एकीने नाक लावलं, पण नवऱ्याने काढलेला फोटो हलला. तिने म्हाताऱ्याला पुन्हा नाक लावायची विनंती केली. त्याने पुन्हा लावलं.

रांगेच्या शेवटी पाओरा होता. त्याच्या पुढे मर्विन नावाचा एक निवृत्त दंतवैद्य, चांगला उंच. त्याच्या खांद्याआडून पाओराला पेटीची कड दिसत होती, पिसांच्या शालीचं टोक दिसत होतं. चेहरा दिसत नव्हता. मधे दहा पावलं होती. त्याला कुणी अडवलं नसतं.

पेटीच्या उशाशी बसलेल्या हुइयाने मान वर केली, थेट त्याच्याकडे पाहिलं आणि चटईवर थोडी सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

त्या जागेवर बसायचं म्हणजे रडावं लागलं असतं. मोठ्याने, तिथल्या रीतीने, पोपटी शर्टात. आणि अर्ध्या रांगेच्या हातात फोन होते. पाओराने बुटांकडे पाहिलं. रांग पुढे सरकेल तसा तोही सरकला.

पाद्र्याने पुस्तक उघडलं. हुइया आणखी थोडी थांबली. मर्विन पेटीवर वाकला, नीट निरखून सरळ झाला, बाजूला झाला. तेव्हा हुइयाने झाकणाला हात घातला. चुलत्यांनी दुसरी बाजू धरली. झाकण लागलं.

मर्विन मागे वळला. माणूस सभ्य होता, आवाज हळू ठेवून बोलला.

"फार शांत चेहरा होता हो. तुमच्या ओळखीच्या होत्या का?"

"मी ड्रायव्हर आहे," पाओरा म्हणाला.