मागचं दार

"याच सरांचं हेच व्याख्यान मी मोबाइलवर दोनदा ऐकलंय, आजी. पाठ आहे मला." नात जिन्यातच थांबली. "घरबसल्या तीच पदवी मिळते. मग खोली घेऊन इथे कशाला राहायचं?"

घरून शिकणार की इथे येऊन, ते संध्याकाळपर्यंत विद्यापीठाला कळवायचं होतं. आजीने सकाळपासून एकदाही उपदेश केला नव्हता. "आलोच आहोत, तर माझा जुना वर्ग तेवढा बघू," एवढंच ती म्हणाली.

भूगोलाचा तास सुरू झाला होता. आजीने सवयीने मागचं दार ढकललं. ते करकरलं आणि सगळा वर्ग एकदम खोकला.

नात दचकली. "साथबीथ आलीय का इथे?"

"अगं, दाराचा आवाज सरांना ऐकू जाऊ नये म्हणून," आजी कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. "आमच्या वेळेपासून खोकतायत. अजून खोकतात मेले!"

सर फळ्यावर नदीचं वळण काढत होते. पाठमोरेच म्हणाले, "औषध घ्या, आणि उशिरा आलेल्यांना बसू द्या."

शेवटच्या बाकावरची मुलगी मान न वळवता सरकली. जागा एकीपुरतीच झाली. नात बसली, तशी ती मुलगी तिच्या कानाला लागली, "नदी मुळात वळतेच का गं? सरळ जायला काय धाड भरलीय तिला?"

नातीने फळ्यावरच्या वळणाकडे पुन्हा पाहिलं. मोबाइलवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

आजी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर टेकली. इथेच मैत्रिणीशी भांडता भांडता तिला अर्धा भूगोल कळला होता. ती मैत्रीण आता राहिली नव्हती. आजीने शेजारच्या जागेवरची धूळ हाताने पुसली.

तास संपला. मुलांचा लोंढा बाहेर आला. त्यात नात होती, बाकावरच्या त्या मुलीला दोन्ही हातांनी हवेत नदी वळवून दाखवत.

"अगं, बाहेरचा काठ झिजतो, आतल्या काठाला गाळ साचतो, म्हणून!"

"ते झालं. पण पहिलं वळण कुणी घेतलं, ते सांग ना!"

"थांब, नीट सांगते."

दोघी तावातावाने आजीच्या अंगावरून खाली उतरून गेल्या. नातीचं लक्षसुद्धा नव्हतं.

आजीने हाक मारली नाही. मागून येणाऱ्यांना वाट व्हावी म्हणून तिने फक्त पाय जवळ घेतले.