माजी आमदाराचं तिकीट

“बाबा, आधार कार्ड दाखवा. पंच्याहत्तर झाले असतील तर फुकट बसा,” कंडक्टर कोमल म्हणाली.

उकंडरावांना एकोणऐंशी वर्षं झाली होती. पण त्यांचा हात काही खिशाकडे जाईना.

“म्हातारा म्हणून न्हाई,” ते म्हणाले. “माजी आमदार म्हणून फाडा तिकीट. माजी राज्यमंत्री बी लावा, मशीनमधी बसत असेल तर.”

कोमलनं आधी मशीनकडे पाहिलं, मग उकंडरावांच्या धोतराकडे. “तसं कार्ड हाये का?”

कार्ड घरी देव्हाऱ्यात होतं. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, ते बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलं होतं, कारण चमत्कार करून दाखवलेली तेवढी एकच वस्तू घरात उरली होती. आणि घरची गाडी मुलानं दुसऱ्याच पक्षाच्या प्रचाराला नेली होती. म्हणून तर डोळे दाखवायला उकंडराव सेनगावहून हिंगोलीला एसटीनं निघाले होते.

“दोन्ही तिकिटं फुकटच हायेत, बाबा. काहून तकलीफ करून घेता?”

“फुकटाफुकटात फरक असतो, बाई. आमदार म्हणून नेत असाल तर येतो. न्हाई तर उतरतो.”

एके काळी उकंडरावांची सभा असली की जीपगाड्यांची अशी धूळ उडायची, की पुसेगावच्या कोंबड्या भर दुपारी सांज झाली समजून खुराड्यात शिरायच्या आणि एका दिवसात दोनदा अंडी द्यायच्या. पुढं अकरा महिने ते मत्स्यव्यवसायाचे राज्यमंत्री झाले. तेवढ्या काळात सेनगावच्या विहिरींतल्या बेडकांनीसुद्धा आपण मासेच असल्याचे अर्ज केले होते म्हणतात. आज बसमध्ये चाळीस माणसं होती आणि एकानंही मोबाइलमधून मान वर काढली नव्हती.

“या बाबायला ओळखतं का कोणी?” कोमलनं साऱ्या बसला विचारलं.

बियाण्याची पिशवी मांडीवर घेतलेला देविदास उठला. “न ओळखायला काय झालं? गुणवंतराव साहेब हे. आमच्या ओढ्यावरचा पूल यायनंच बांधला.” आणि तो चक्क पाया पडला.

गुणवंतराव म्हणजे उकंडरावांचे जन्माचे विरोधक. तेही माजी आमदारच.

“मग मिटलं,” कोमल म्हणाली. “गुणवंतराव. बराबर ना?” तिचं बोट मशीनवर टेकलं.

उकंडरावांनी नुसतं गप्प राहायचं होतं. पूलही वाईट नव्हता. तीस पावसाळे झाले, हललेला नाही.

“पूल त्याचा हाये,” ते म्हणाले. “मी उकंडराव.”

देविदास सरळ झाला. नमस्कार वाया गेल्यासारखा चेहरा झाला त्याचा. “कोण उकंडराव?”

उकंडरावांनी पिशवी उचलली आणि ते दाराकडे वळले.

“थांबा, भाऊ.”

आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. केशरबाई. ती कोमलला म्हणाली, “उकंडरावच हायेत हे. दे तिकीट.”

“तुमाला काय माहीत, आजी?”

“मला न्हाई तर कुणाला? यायला पाडायला मी अठरा गावं पायी हिंडले, लेकरू कडेवर घेऊन. भिंतीवर चुन्यानं लिहिलं, ‘उकंडराव, घरी बसा’. त्यातलं ‘घरी’ माझ्या हातचं. यायला माजी आमी केलं, बाई. त्याच्या आधी नुसते आमदार होते.”

बस हसली. उकंडरावांनी म्हातारीकडे निरखून पाहिलं. “केशरबाई? माझ्या सभेत मागून ‘मासे कुठं हायेत’ म्हणून ओरडणाऱ्या?”

“व्हय. अन् तुमी माईकवरून म्हणाले, पाऊस पडू द्या बाई, पावशेर घरपोच पाठवतो. अजून न्हाई आले.”

कोमलनं हे तिकीट आजवर कधी काढलंच नव्हतं. तिनं ड्रायव्हरला विचारलं, दोनदा चुकली. शेवटी मशीननं शून्य रुपयांची चिठ्ठी बाहेर टाकली. उकंडरावांनी ती हातभर लांब धरून वाचली, घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली.

केशरबाईनं पाटी पायाशी घेतली आणि खिडकीकडे सरकली. “बसा. तुमचीच जागा हाये.”

बस निघाली. उकंडराव बराच वेळ हसत होते.

“तुमच्याच गावात माझ्या जीपचे टायर फोडले होते.”

“फोडले न्हाई. हवा सोडली होती. अन् सकाळी पायपंपानं भरून बी आमीच दिली.”

“चहा बी पाजला होता.”

“चहा शालूबाईला. तुमाला ताक दिलं होतं, आंबट.”

“लई आंबट होतं,” उकंडराव म्हणाले. बाहेर तुरीची शेतं मागं पळत होती.

जरा वेळानं केशरबाई म्हणाली, “भाऊ, यंदा एकदा फॉर्म भरा.”

“काहून? आता मत देता का?”

“मत कशाला देईन?”

फाट्यावर गाडी हळू झाली. तिथं यंदाच्या इच्छुक उमेदवारांचा घराएवढा फ्लेक्स लावला होता. त्यावर वीसेक चेहरे एकसारखे हसत होते. केशरबाईनं एकेक चेहरा नीट पाहिला.

“ह्यायच्यातल्या एकाला बी पाडायला पायी निघावं वाटत न्हाई.”