दाराचं रबर

किल्लीवाल्याने गाडीची कागदपत्रं दोनदा पाहिली. नाव जुळत होतं, तरी त्याने विचारलं, "गाडी तुमचीच ना साहेब?"

"माझीच. किल्ली बायकोकडे आहे. घटस्फोट चाललाय आमचा."

किल्लीवाल्याने मान हलवली आणि पिशवीतून दार उघडायच्या पातळ पट्ट्या काढल्या. गाडी हॉस्पिटलच्या मागच्या आवारात भिंतीला लागून उभी होती. बायको इथे नर्स होती आणि यावेळी ती वॉर्डातून हलू शकत नाही, हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो आत्ता आला होता.

कोर्टातल्या गेल्या तारखेला ती म्हणाली होती, घर नको, बाकी काहीच नको, गाडी तेवढी राहू द्या. वकिलाने त्याला बजावलं, नाव तुमचं आहे, आधी ताबा घ्या, मग बोलू. खरं तर जुनाट गाडी तो विकायलाच निघाला होता. तिने मागितली आणि गाडी त्याला हवीशी झाली.

काचांना आतून कापड लावलेलं होतं. उन्हासाठी असेल, असं त्याला वाटलं.

किल्लीवाल्याने काचेखाली पट्टी सरकवली. खट्‌ झालं. दार उघडलं. साबणाचा आणि ओलसर टॉवेलचा वास आला.

मागची सीट आडवी पाडलेली होती. तिच्यावर पातळ गादी, घडी घातलेली चादर, उशी. दाराच्या कप्प्यात ब्रश, कंगवा, गजराचं घड्याळ. वरच्या कडीला इस्त्री केलेला युनिफॉर्म. खाली पायपुसणं आणि त्यावर घरातल्या सपाता, टाचा आत, बोटं बाहेर, अशा नीट लावून ठेवलेल्या.

मावसबहिणीकडे राहते, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. तीन महिने. त्याने एकदाही चौकशी केली नव्हती. उलट, सोय झाली तिची, म्हणून त्याला हायसं वाटलं होतं.

किल्लीवाला आत बसायला वाकला आणि तसाच थांबला.

"साहेब, इथे कोणीतरी राहतंय."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

किल्लीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं.

"मग किल्ली बनवू?"

तो दारापासून मागे सरकला. "नको. बंद करा. होतं तसं करून ठेवा."

किल्लीवाल्याने आतली कळ दाबून दार हलकेच लोटलं, ओढून पाहिलं. मग काचेखालच्या रबराकडे बोट दाखवलं. पट्टी घातली होती तिथे ते जरासं उचकटलं होतं.

"बाईंच्या लक्षात येईल," तो म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून फाटकाकडे निघून गेला.

नवरा तिथेच उभा राहिला. अंगठ्याने त्याने रबर दाबलं. बोट काढलं की ते परत वर यायचं. त्याने दुसरा अंगठाही लावला आणि दाबत राहिला.