उद्याची खोली

मुलांनो, अशी खोली डोळ्यांसमोर आणा, की जिच्यात शिरलं की एखादा प्रकल्प आल्यानंतरचं गाव भोवती उभं राहतं. कायद्याने तिथे गावातलं सर्वांत लहान शाळकरी मूल पाठवतात. त्या गावात सर्वांत जास्त दिवस त्यालाच काढायचे असतात, म्हणून त्याचं उत्तर तेच गावाचं उत्तर धरतात.

खाडीकाठच्या गावातल्या जनसुनावणीत सर्वांत लहान म्हणून शेवंती आत गेली. समोर तिचीच खाडी होती, पण काळी. काठाला मेलेल्या तिसऱ्या-शिंपल्यांचा खच आणि घसा जाळणारा धूर. ती दाराकडे धावली. दार बंद!

"‘मान्य’ म्हण पोरी. गावाचा होकार मिळाला की दार उघडेल," काचेबाहेरून सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग संध्याकाळी सुनावणी संपेपर्यंत आतच."

"म्हण गो बाय, नि भायर ये!" आई रडत ओरडली.

शेवंतीने फ्रॉकचा घेर नाकाशी धरला आणि दाराकडे पाठ करून ती खाली बसली.