चारकोपची नळी

नळी तडकली ती नेमकी सुबोधसरांनी खंडेनवमीला जिथे नारळ फोडला होता तिथेच. चांगली बोटभर लांब भेग. त्यांच्या हाताखालच्या रुचिराने ती भिंगाखाली पाहिली आणि सरांना हाक मारली.

छोट्या अणुभट्टीत बसवायची ही नळी. तीन देश मिळून संशोधन करत होते, एकसारख्या नळ्या आपापल्या जागी तापवून बघत होते. पोलाद मात्र सुबोधसरांचं, चारकोपच्या या शेडमधलं. अर्धं आयुष्य घातलं होतं माणसाने त्यात. चाचणी सुरू करताना हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, सगळं साग्रसंगीत झालं. पाणी नळीवर उडालं, रुचिरानेच फडक्याने पुसलं, झालं! नारळपाण्यात मीठ असतं आणि तापल्या पोलादाचं मिठाशी हाडवैर, हे तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं हो. पण पूजेला उभं राहिल्यावर पुस्तक कुणाला आठवतं?

"सर, मीठ लागलं होतं का, हे कोरिया-फिनलंडवाले विचारणारच. सांगून टाकू या ना. दुसरी नळी लावू."

"काय सांगशील? डॉक्टरेटवाल्या माणसाने अणुभट्टीच्या नळीवर नारळ फोडला? अख्खं जग हसेल गं आपल्याला."

"आणि नाही सांगितलं तर तुमचं पोलादच बाद होईल, सर."

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

तेवढ्यात कॉल लागला. पडद्यावर कोरियाचे दोघे आणि फिनलंडच्या बाई. भेगेचा फोटो बघून बाईंनी तोच प्रश्न विचारला, अगदी सांभाळून, समोरच्याला लागू नये असा.

"नाही," सर म्हणाले. "आमच्याकडे सगळं स्वच्छ होतं. पोलादच कमी पडलं."

स्वतःच्या तोंडाने! पोटच्या पोराला नालायक म्हणावं तसं. रुचिराचा जीव तुटला. पण तोंड तिचंही उघडलं नाही. तिलाही हसं नकोच होतं, खरं सांगायचं तर.

कोरियावाल्यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

"स्वतःच्या कामाबद्दल असं सांगायला मोठं मन लागतं," फिनलंडच्या बाई म्हणाल्या. "आमच्याकडची नळी अजून ठणठणीत चालली आहे. पण तुम्हीच म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला. दुसरं पोलाद शोधू. आमची चाचणी आत्ताच बंद करते."

त्यांनी मागे वळून कुणाला तरी खूण केली. पडद्याच्या कोपऱ्यात तिथल्या नळीचं तापमान दिसत होतं. ते खाली उतरू लागलं.

"सर, बोला ना!" रुचिरा कुजबुजली. "अजून वेळ आहे. बोला!"

सरांनी पडद्यासमोर हात जोडले.

"थँक यू, मॅडम," ते म्हणाले.