हिरवी शीर

"ही हिरवी शीर उद्या या देशाचं नशीब पालटेल!" असं गरजून डेगवेकरसाहेबांनी जीपच्या बॉनेटवर थाप मारली. बॉनेट मे महिन्यातलं होतं. उरलेलं भाषण त्यांनी तळव्यावर फुंकर मारत केलं.

ऐकायला अख्खी खडकेवाडी जमली होती. दुष्काळानं विहिरी अशा आटल्या होत्या, की शेळ्या तळाशी उतरून सावलीला बसत. शेवगावहून निघालेला टँकर खडकेवाडीच्या अलीकडेच रिकामा होई. अशा गावाला भाषण ऐकायला वेळ असतो.

साहेब खनिज खात्याचे. खात्याचं नवं परिपत्रक त्यांनी वाचून दाखवलं. खनिजाचा विकास जबाबदारीनं व्हावा, मजुरी गावच्याच माणसांना मिळावी, आणि खोदायची जागा गावाला विश्वासात घेऊन ठरवावी. वाचताना कुणी हललं नाही. कागदाची घडी घातली तेव्हा मात्र टाळ्या पडल्या.

गुरांना विचारून गोठा बांधू नये, असं साहेबांचं या बाबतीतलं खरं मत होतं. पण त्यांची मान अडकली होती. आधी सुकळीत तांब्याचा हिरवा दगड सापडला, मग ढवळेवाडीत. दोन्हीकडे खड्डे घेतले आणि दोन्ही बुडाले. तिसराही वाया गेला तर कचेरीला कुलूप आणि साहेबांची रवानगी चांद्याच्या जंगलात, अशी वरून तंबी होती. उलट तांबं लागलं, तर शिरेला त्यांचं नाव. तिन्ही गावं जोडणारी रेघ त्यांनी नकाशावर ओढली होती, आणि तिच्यावर 'डेगवेकर शीर' असं लिहूनही ठेवलं होतं. पेन्सिलीनं, कारण साहेब विनयशील होते.

"बरं, तो दगड कुठाय?"

साळूबाई नावाची म्हातारी पाटी घेऊन पुढे आली. पाटीत शेंदूर फासलेला देव होता.

"हिरोबा हाय, सायेब. त्या उंबराखाली घावला. जपून धरा."

साहेबांनी तो मेलेल्या उंदरासारखा चिमटीत धरला. सुकळीत याला म्हसोबा म्हणत, ढवळेवाडीत खोकलाई. दिसायला सगळे सारखेच. या लोकांची माणसं एकसारखी, मग देव कुठून वेगळे असणार? त्यांनी चाकूनं शेंदूर खरवडला. आत पोपटासारखा हिरवा रंग चमकला. साहेबांनी दगड उन्हात धरून फिरवला.

"ही कड आधी कुणी खरवडलीय?"

म्हातारीनं सरपंचांकडे पाहिलं. सरपंच गहिनीनाथ घसा साफ करून म्हणाले, "पोरांचं पोट दुखलं की उगाळून पाजतो, सायेब."

"तांबं पाजता पोरांना? धन्य आहे!"

"व्हय जी. आडानी मानसं आमी."

हे साहेबांना फार पटलं. "मग आता विश्वासात घेऊन विचारतो. खोदायचं कुठे?"

सगळ्या गावानं एकदम उंबराच्या बुडाकडे बोट दाखवलं. एवढी एकजूट साहेबांनी कुठल्याच ग्रामपंचायतीत पाहिली नव्हती. अहवालात त्यांनी तिला 'लोकसहभाग' असं नाव दिलं.

शेजारीच खाजाभाई पहारीला टेकून उभा होता. सुकळीतही सुरुंग त्यानंच लावले होते, ढवळेवाडीतही.

"तू तर सगळीकडे असतोस रे!"

"जिथं सरकारचं काम तिथं आपन, सायेब."

"सुरुंग कुठे शिकलास?"

"राजस्थानात. तांब्याच्या खाणीवर हुतो."

"वा! म्हणजे शुभशकुनच," साहेब म्हणाले, आणि सुरुंगवाल्याशी यापेक्षा जास्त बोलायचं नसतं म्हणून जीपकडे वळले. देवाची पाटीही त्यांनी जीपमध्ये ठेवून घेतली. मागच्या दोन्ही गावांनी आपापला देव दुसऱ्याच दिवशी रडून-भेकून परत नेला होता. या वेळी हा पुरावा ते मुंबईला साहेबांच्या साहेबांपुढे ठेवणार होते.

खात्याचा कंप्रेसर आला. सुरुंग उडू लागले. आणि खडकेवाडी राबली! कामावर न येणारं गाव ही डेगवेकरांची जुनी तक्रार. इथं बाया मुकादमाच्या आधी हजर. खड्डा गोल हवा असा हट्टही गावानंच धरला. चौकोनी खड्डा हिरोबाला चालत नाही म्हणे. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि गोल तर गोल म्हणून परवानगी दिली. अडाण्यांची समजूत काढणं हाही परिपत्रकाचाच भाग होता.

एका दुपारी तळातून आरोळी आली, "लागलं! लागलं!"

साहेब धावत काठावर गेले. तळातून पाणी उसळत होतं. खाजाभाई कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओंजळीनं डोकं भिजवत होता. वर बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. साळूबाई मटकन खाली बसून रडू लागली.

"गाढवांनो, नाचता काय? खाण बुडाली!" साहेब ओरडले.

"व्हय जी," गहिनीनाथ मान खाली घालून म्हणाले. "लई वाईट झालं."

साहेबांनी कंप्रेसर आवरायला सांगितलं आणि जीपमध्ये बसून नकाशा काढला. तिन्ही खड्डे पाण्यात गेले होते. पण दैव अजून पुरतं रुसलं नव्हतं. सकाळीच निंबेवाडीहून निरोप आला होता, की तिथंही हिरवा दगड निघालाय. म्हणजे शीर पूर्वेला वळली होती! साहेबांनी पेन्सिलीची रेघ पुढे ओढली, वरच्यांच्या हातापाया पडून आणखी एक खड्डा मागायचं ठरवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल. या लोकांच्या नशिबीच विकास नाही."

तेवढ्यात साळूबाई पदर सावरत जीपला आडवी आली. ओले डोळे पुसून तिनं मागच्या पाटीकडे बोट केलं.

"सायेब, तेवढा देव देऊन जाता का? निंबेवाडीवाले सकाळधरनं गाडी जुंपून बसल्यात."