हसरा फोटो

"हिला काढून टाक आणि ह्यांना एकट्याला ठेव," गिरिजाबाईंनी स्टुडिओच्या काउंटरवर जुना फोटो ठेवला आणि त्या स्टुलावर टेकल्या. चार वर्षं अंथरुणाला खिळलेला त्यांचा नवरा गेल्या आठवड्यात गेला होता. दहाव्याला फोटो हवा होता. फोटोत त्याच्या शेजारी त्याची पहिली बायको होती, बाळंतपणात गेलेली.

"दुसरा नाही का एखादा?" काउंटरमागच्या मुकुंदने विचारलं.

"आहेत की. पण हसरा हा एकच."

मुकुंदने फोटो स्कॅन केला. कडेकडेने माउस फिरवत त्याने त्या बाईला अलगद वेगळं केलं, मागे आकाशी रंग भरला आणि स्क्रीन गिरिजाबाईंकडे वळवला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. फोटोतला तरुण मान वळवून, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत तोंडभर हसत होता.

"आता कोणाकडे बघून हसतायत हे?"

"तिथे तुमचा फोटो जोडू का, मावशी? कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "एकतीस वर्षं संसार केला, बाबा. माणूस वाईट नव्हता. पण माझ्याकडे बघून असे कधी हसले नाहीत."

मुकुंदने माउसवरचा हात काढून घेतला.

"तिला होती तिथेच परत आण," गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या. "दोघांना मिळून एकच हार घालीन मी."